नाकाबंदीत पिशवीतला सत्तूर काढून घेतला. हे शस्त्र धरतात का?

मोठी_कढई
नमस्कार मंडळी. मी आचारी आहे. लग्न, जावळ, बारसं अशा ऑर्डरी घेतो. परवा एका रिसेप्शनचं आटपून रात्री दीडच्या सुमारास स्कूटरवरून घरी निघालो होतो, मागे आमचा पोऱ्या. बायपासच्या तोंडाशी नाकाबंदी. लायसन, आरसी, पीयूसी सगळं दाखवलं. मग हवालदारसाहेबांची नजर पायाशी ठेवलेल्या पिशवीवर गेली. काय आहे विचारलं, मी म्हणालो, "सुऱ्या आहेत, धंद्याच्या." कापडात गुंडाळलेलं सामान होतं: मटण तोडायचा सत्तूर, दहा इंच पात्याचा एक सुरा, भाजीच्या दोन लहान सुऱ्या, सोलणं, धार लावायची सळई. वर हळदीनं माखलेला ॲप्रन. तरी पुढचा प्रश्न, "एवढी हत्यारं घेऊन कुणाचा गेम वाजवायला निघालास?"

पिशवी रस्त्यावर रिकामी केली. मोबाईल मागितला, लॉक उघडायला लावलं आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप वरखाली करून बघितले (बहुतेक सगळे भाज्यांच्या भावाचे आणि गुड मॉर्निंगचे). मला सत्तूर हातात धरून उभं केलं, फोटो काढला. आधारकार्डाचाही काढला. लहान सुऱ्या परत दिल्या, सत्तूर आणि मोठा सुरा ठेवून घेतला. "उद्या चौकीत ये" म्हणाले. कागद एकही दिला नाही.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. सत्तूर कायद्यानं शस्त्र आहे का? पिशवी आणि मोबाईल असा तपासता येतो का? आणि तो फोटो. बायको म्हणते, आता तुझं नाव लागलं, तुझ्यावर कायम नजर ठेवणार. असं असतं का खरंच?

शंभर_टक्के
६ इंचाच्या वर पातं असलं की डायरेक्ट आर्म्स ॲक्ट. कायदा शोधत बसू नका भाऊ, चौकीत जा, हात जोडा, चहापाणी करा, मिटवून टाका.

खालचं_कोर्ट
चहापाणी अजिबात करू नका. लाच देणारासुद्धा गुन्हेगारच असतो, आणि एकदा दिली की पुढच्या प्रत्येक नाक्यावर तुमची स्कूटर ओळखीची होते.

आता ते सहा इंच. कुठून येतं देव जाणे, पण दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ते घेऊन येतंच. मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी चालवते. "४/२५" च्या (शस्त्र अधिनियमाचं कलम ४ मोडलं म्हणून कलम २५ खाली शिक्षा) फाइली इतक्या हातातून गेल्या आहेत की हल्ली फिर्याद नंतर वाचते, आधी पंचनाम्यात पात्याचं माप काय लिहिलंय ते बघते. निम्म्या वेळा ते लिहिलेलंच नसतं. "एक धारदार सुरा" एवढंच.

शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम २ मधली व्याख्या अशी आहे: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली कोणतीही वस्तू. त्यात बंदुका आल्या, धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारं आली, त्यांचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंही आली. बाहेर काय ठेवलं? निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातकाठी, आणि ज्यांचं खेळण्यापलीकडे काही करता येत नाही अशी खेळणी.

मापं त्या कायद्यात नाहीतच. ती २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत, पाचव्या वर्गात आहेत. तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, कुऱ्हाडी (लढाईच्या, लाकडाच्या नव्हे), सुरे, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम हत्यारं. तुमचा सुरा लांबीत जातो, सत्तूर रुंदीत जातो. पट्टी लावली तर दोन्ही सापडले. पण त्याच ओळीत पुढे लिहिलंय की घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली असतील तर ती यात मोडत नाहीत. मटणाचा सत्तूर बनवतात तो हाडं तोडायला. ही सूट तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे.

अजून एक पायरी आहे आणि ती बहुतेक जण विसरतात, कधी कधी सरकारी वकीलसुद्धा. बंदुकीला देशभर सगळीकडे परवाना लागतो, ते कलम ३. धारदार हत्यारांना तो तेव्हाच लागतो, जेव्हा केंद्राच्या अधिकाराखाली त्या भागासाठी कलम ४ ची अधिसूचना निघालेली असते. ४/२५ मधले ४ ते हेच. म्हणून ती अधिसूचना कोर्टासमोर यायला हवी आणि तुमची वस्तू तिच्यात बसायला हवी. दिल्लीच्या अधिसूचनेत बटणाच्या चाकूला ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी पुरते. तिथल्या बातम्या वाचून इथे इंच सांगणारे लोक इथूनच गोंधळतात.

इथवर तुम्ही मोकळे. पण तुमची खरी अडचण आर्म्स ॲक्ट नाही. ती आहे महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम ३७(१). पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी शांततेसाठी आदेश काढतात, आणि त्या काळात त्या हद्दीत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या "किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" घेऊन फिरायला बंदी असते. वाचलंत? इथे इंच नाहीत. घरगुती वापराची सूट नाही. आर्म्स ॲक्टनं व्याख्येतून बाहेर काढलेली लाठी इथे नाव घेऊन आत बसवली आहे. मोडलं तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी कारण नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही. वस्तू जप्त करायचा अधिकार कलम ७० मध्ये आहे.

म्हणजे एकच सत्तूर एका कायद्यानं भांडं आणि दुसऱ्या कायद्यानं गुन्हा. म्हणून पहिलं काम करा: त्या रात्री तुमच्या भागात ३७(१) चा आदेश चालू होता का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते काढा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. पूर्ण वाचा. अपवाद शेवटच्या परिच्छेदात असतात आणि तिथवर कुणी पोचत नाही.

राहिला मारामारीचा कायदा, तुमच्याशी त्याचा संबंध नाही पण व्याख्यांचा विषय निघालाय म्हणून. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ (पूर्वीचं ३२४ आणि ३२६) म्हणतं, गोळी झाडायचं, भोसकायचं किंवा कापायचं साधन, किंवा हल्ल्यात वापरलं तर ज्यानं मरण येऊ शकतं असं कोणतंही साधन. तिथे वस्तू आधी ठरत नाही, ती कशी वापरली त्यावर ठरते. दगडसुद्धा बसू शकतो. २००५ च्या मथाई विरुद्ध केरळ राज्य या निकालात दगडाचाच प्रश्न होता, आणि सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे ज्या त्या खटल्याच्या वस्तुस्थितीवर ठरवायचं.

झडतीचं रात्री लिहिते, आत्ता तारखेला जायचंय.

बक्कल_निवृत्त
मॅडमनी कायदा सांगितला, मी रस्ता सांगतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. नाक्यावर आचारी, खाटीक, शहाळीवाले खूप आले. मी आधी हात हुंगायचो. आचाऱ्याच्या हाताचा कांदा-लसूण धुऊन जात नाही. वास आला की "जा बाबा घरी".

पण आता दुसरी बाजू पण ऐका. ऑल आऊट ऑपरेशन असलं की सकाळी वरती आकडे द्यायचे असतात. किती वाहनं तपासली, किती हिस्ट्रीशीटर (ठाण्यात नोंद असलेले सराईत गुन्हेगार) चेक केले, किती ३७/१३५ च्या केसेस. सहा वाजले आणि रकाना रिकामा असला की मग हुंगायला कुणाला वेळ नसतो. बरोबर म्हणत नाही, आहे ते सांगतो. आणि कोयत्यानं दहशत माजवणारी पोरं आम्हीच पकडलीत, तीही "उसाला चाललोय" म्हणायची. गावात ऊस नाही तरी.

फोटो म्हणाल तर तो स्टेशनच्या ग्रुपवर गेला असणार, कारवाईचा फोटो म्हणून. त्याला रेकॉर्डवर येणं म्हणत नाहीत. वहिनींना सांगा झोप घ्या.

चौकीत जाताना ज्यांचं लग्न होतं त्यांच्याकडून किंवा हॉलवाल्याकडून ऑर्डरची चिठ्ठी न्या. बयाणा घेतल्याची पावती असली तर अजून चांगलं.

एलएलबी_तिसरं_वर्ष
एक मुद्दा राहिलाय. झडती घेण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क आहे हे सांगणं पोलिसांना बंधनकारक आहे. बलदेव सिंग, १९९९. तो सांगितला नसेल तर अख्खी झडती रद्द, केस संपली.

खालचं_कोर्ट
भावी सहकाऱ्या, निकाल बरोबर, कायदा चुकीचा. ते अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ५० आहे. सत्तुरात अफू लपवला असता तर बोललो असतो. आणि तिथेसुद्धा ती सूट "व्यक्तीच्या" झडतीपुरती आहे. हातातली पिशवी म्हणजे व्यक्ती नव्हे, हे २००५ मध्ये हिमाचल प्रदेश विरुद्ध पवन कुमार या निकालात ठरलं. आचारीदादांची तर पिशवीच तपासलेली.

"झडती बेकायदा म्हणून केस संपली" हे चित्रपटातून येतं. आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या पूरन मल निकालापासूनचं सूत्र असं आहे की झडतीत खोट असली तरी तिच्यात मिळालेला पुरावा त्या कारणानं बाद होत नाही. खोट दाखवून साक्षीदाराचं वजन कमी करता येतं, अधिकाऱ्यावर कारवाई मागता येते. वस्तू मात्र कोर्टाच्या टेबलावर राहते. पुस्तकात हे एका ओळीत असतं, अशिलाला समजवायला मला अर्धा तास लागतो.

पिशवी तपासता येते का? येते, आणि घरापेक्षा खूप सोपेपणानं. शस्त्र अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे या कायद्याचा भंग होतोय का हे बघायला कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून तपासू शकतो. वॉरंट नको. चोरीच्या मालाचा संशय असेल तर रस्त्यात वस्तू तपासायचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६६ मध्ये वेगळा आहे.

घराचं वेगळं. तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ लागतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६५. काय शोधतोय आणि इथेच ते असेल असं का वाटतं, हे अधिकाऱ्यानं आधी लिहून काढायचं. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. ही मुदत नव्या कायद्यात आली, आधी नुसतं "ताबडतोब" होतं आणि आपल्याकडे ताबडतोब किती ताणतं ते सांगायला नको. कलम १०३ प्रमाणे त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच, घरमालकाला हजर राहू द्यायचं, जप्तीची यादी करायची आणि तिची प्रत त्याला द्यायची. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, तिची अब्रू राखून.

आणि १ जुलै २०२४ पासून सगळ्यात मोठा बदल: कलम १०५. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, आवाजासकट, यादी करताना आणि पंच सही करताना सुद्धा. मोबाईलवर चालतं. ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. तुम्हाला सत्तूर धरून उभं करून काढलेला फोटो म्हणजे हे चित्रीकरण नव्हे.

मोबाईल. इथे मी हवालदारकाकांशीसुद्धा भांडेन. कुठला गुन्हा नाही, तपास नाही, नोंद नाही, आणि नुसतं "व्हॉट्सॲप दाखव" याला मला कोणत्याही कायद्यात आधार सापडत नाही. तपासासाठी फोन हवा असेल तर त्याच संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागावा. त्यात आता डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणं स्पष्ट शब्दांत घातली आहेत. किंवा जप्त करावा आणि पंचनाम्यात आयएमईआय नंबर लिहून सीलबंद करावा. रस्त्यात उभ्या उभ्या अंगठ्यानं ग्रुप सरकवत वाचणं यातलं काहीच नाही. अर्थात रात्री दीडला, मागे पोऱ्या बसलेला असताना, "साहेब कोणत्या कलमाखाली?" विचारायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी वकील आहे म्हणून विचारेन. तुम्ही नाही विचारलंत यात गैर काही नाही, पण लॉक उघडून दिलंत म्हणजे तुम्ही संमती दिली असं उद्या कुणी म्हणू शकतं, एवढं लक्षात असू द्या.

मोठी_कढई
मॅडम, काका, मनापासून आभार. एक सांगायचं राहिलं. पोऱ्याकडून एका कागदावर सही घेतली. पंच म्हणून, असं म्हणाले. कागदावर वर दोन ओळी होत्या आणि खाली सगळं कोरं, असं तो सांगतो. सकाळपासून चौकीतून दोन फोन येऊन गेले, "का आला नाहीस?" जायचंच आहे, पण आधी इथे विचारावं म्हटलं. आणि आदेश सापडला. चालू आहे. महिनाअखेरपर्यंत.

बक्कल_निवृत्त
कोरा कागद... काय बोलू. तुमचा पोऱ्या तुमच्याच गाडीवर होता, तो पंच कसा? पंच तिऱ्हाईत पाहिजे. आमच्या वेळी चहाटपरीवाला ठरलेला असायचा, आठवड्याला चार पंचनामे. कोर्टात वकिलांनी विचारलं, "याआधी किती वेळा पंच झालात?" की आमची पंचाईत. पण निदान तो गाडीवरचा नसायचा.

खालचं_कोर्ट
आदेश चालू आहे म्हणजे चौकीवाल्यांकडे बोट ठेवायला जागा आहे. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. आदेशात अपवाद काय आहेत ते वाचलंत का? व्यवसायाच्या अवजारांचा उल्लेख असेल तर ते पान छापून न्या. नसेल तर ऑर्डरची चिठ्ठी, पावती आणि तुमचा धंद्याचा कुठलाही कागद, अन्न परवाना असेल तर तोच.

फोनवरून बोलावणं हे कायद्यातलं बोलावणं नाही. नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस, साक्षीदाराला १७९ चा लेखी आदेश. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही असंही बजावलं. तरीही माझा सल्ला: जा. नोटिशीवर अडून बसण्यात तुमचा फायदा नाही, तुमचं म्हणणं लवकर कागदावर येण्यात आहे. एकटे जाऊ नका. ठाण्यात कॅमेरे असायला हवेत, तेही आवाजासकट, हे २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानं सांगितलंय. म्हणून बोलणं रस्त्याच्या कोपऱ्यावर नको, टेबलासमोरच होऊ द्या.

बरोबर एक अर्ज न्या. अमुक तारखेला अमुक ठिकाणी माझी ही दोन अवजारं घेतली, जप्तीची यादी मिळाली नाही, ती द्यावी, माझ्या मदतनीसाची सही अपूर्ण कागदावर घेतली आहे, आणि अवजारं परत मिळावीत. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मिळेना तर रजिस्टर पोस्टानं ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा. कोऱ्या कागदाचं वाक्य गाळू नका. आज ते तुम्हाला उद्धट वाटेल, पण सहा महिन्यांनी तो कागद भरून समोर आला तर हेच वाक्य कामाला येतं.

एवढं करूनही सत्तूर परत मिळाला नाही तर कोर्टात त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज. संशयावरून जप्त केलेल्या वस्तूची खबर कलम १०६ प्रमाणे मॅजिस्ट्रेटला ताबडतोब द्यायची असते. अर्ज आला की कोर्ट पोलिसांचा से (लेखी म्हणणं) मागवतं. मग एक तर त्यांना सांगावं लागतं की गुन्हा अमुक नंबरचा, जप्ती अमुक तारखेची, किंवा अशी जप्ती दप्तरी नाहीच. दुसऱ्या बाबतीत वस्तू फार लवकर सापडतात असा माझा अनुभव आहे. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करेन अशा हमीपत्रावर, सोडून देतात.

आता वहिनींचा प्रश्न, तो मी टाळत नव्हते.

"नजर ठेवणं" याची चांगली व्याख्या आपल्याकडे एका जुन्या खटल्यामुळे वाचायला मिळते. खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९६२. हा माणूस दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, तरी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री दार ठोठावायचे, झोपेतून उठवून घरात आहे का बघायचे. उत्तर प्रदेश पोलिसांच्या २३६ क्रमांकाच्या विनियमात पाळतीत काय काय येतं त्याची यादीच होती: घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या घरभेटी, सवयी आणि कमाईची वेळोवेळी चौकशी, येण्याजाण्याची खबर, परगावी गेला तर तिथल्या ठाण्याकडून पडताळणी, आणि सगळं एका कागदावर जमा करणं. न्यायालयानं रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, बाकीचं ठेवलं. न्यायमूर्ती सुब्बा राव म्हणाले, सगळाच विनियम घटनाबाह्य आहे. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला आणि खरक सिंगमधला उलटा भाग मोडीत काढला. अल्पमतातले सुब्बा राव तेव्हा खरे बरोबर ठरले, पंचावन्न वर्षांनी.

तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच, की हिस्ट्रीशीट एका सत्तुरानं उघडत नाही. ती वारंवार गुन्हे करणाऱ्याची असते, निदान असायला हवी. "असायला हवी" म्हणते, कारण मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की मागास आणि विमुक्त समाजातल्या माणसांची नावं निव्वळ जन्मामुळे अशा कागदांवर चढतात, आणि हे राज्यांनी तपासावं. माझ्याकडे पारधी अशील येतात. त्यांच्या बाबतीत हवालदारकाकांचं "झोप घ्या" मी म्हणू शकत नाही. तुमच्या बाबतीत म्हणते.

फोटोबाबत काकांचं अर्धं मान्य. रेकॉर्ड नाही, खरं. पण म्हणूनच तो काढायचा अधिकारही नाही. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ प्रमाणे फोटो, बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन, सही, हस्ताक्षर ही सगळी "मापं" आहेत आणि ती शिक्षा झालेल्यांची, अटक झालेल्यांची, प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांची घेता येतात. ती ७५ वर्षं जपून ठेवतात. तुम्हाला अटक झालेली नाही. अर्जात एक ओळ वाढवा, की माझा आणि आधारकार्डाचा फोटो कोणत्या तरतुदीखाली काढला ते कळवावं आणि तो पुसावा. उत्तर येईलच असं नाही. ओळ असू द्या.

फोन ऐकत असतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण वहिनी विचारतील. तुमचं बोलणं चोरून ऐकायला राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो, वाढवून १८० दिवसांपलीकडे नेता येत नाही. पूर्वी तारखात्याचा १८८५ चा कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम. असे आदेश बेकायदा ठरवून मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं होतं. चौकीतला हवालदार हे करू शकत नाही. तपासात कुणाला किती वाजता फोन केला याची यादी, म्हणजे सीडीआर, मागवतात, ते वेगळं आणि खूप सोपं. पण त्यालाही आधी तपास लागतो.

एलएलबी_तिसरं_वर्ष
मॅडम, पवन कुमार वाचला. पिशवी माणसाचा भाग नाही, पण खिसा आहे का?

खालचं_कोर्ट
अंगावरचे कपडे अंगझडतीत येतात. खांद्यावरची बॅग नाही. परीक्षेत विचारतील, लिहून ठेव.

मोठी_कढई
सगळं वहीत उतरवून घेतलं. उद्या हॉलच्या मॅनेजरला घेऊन जातो, तेच म्हणाले मी येतो. एकच शेवटचं. रविवारी जावळाची ऑर्डर आहे, पन्नास किलो मटण. भावाकडून सत्तूर उसना आणलाय. न्यायचा का नाही?

खालचं_कोर्ट
तुमच्या पायाशी नको. यजमानांना सांगा, सामानाच्या टेम्पोतून भांड्यांबरोबर जाऊ द्या, आणि परतही तसाच. टेम्पोवाल्याकडे ऑर्डरची चिठ्ठी, तिच्यावर तारीख, ठिकाण आणि "कटिंगचं सामान" असं लिहिलेलं. आदेश महिनाअखेरपर्यंत आहे म्हणालात, तो पुढे वाढवला का हे एक तारखेला पुन्हा बघा.

बक्कल_निवृत्त
आणि सत्तूर कापडात गुंडाळून वरून सुतळीनं आवळा. गाठ सोडायला वेळ लागेल अशी. नाक्यावर ती गाठ बघितली की अर्धा संशय तिथेच जातो.